गाऱ्हाणं घातलेला फॉरवर्ड

कुणी पाडलं की तो पाय धरून लोळायचा नाही. उठायचा, पाडणाऱ्याच्या खांद्याला धरून त्याला हलकेच पाठमोरा करायचा, पाठीवरचा नंबर वाचायचा आणि उजव्या हाताच्या बोटानं डाव्या तळहातावर तो नंबर लिहायचा. पेन नाही, शाई नाही, नुसतं बोट. मग म्हणायचा, "उगडास आसा हां." म्हणजे, लक्षात ठेवलंय. पण ते तो असं म्हणायचा की सहा फुटी डिफेंडरसुद्धा रेफ्रीकडे बघायला लागायचे.

हे मी लायनीबाहेर जर्सीच्या ट्रंकेवर बसून कितीतरी वेळा पाहिलंय. क्लबात मी सामान सांभाळायचो. जर्सी धुणं, बूट वाळवणं, तुवाले मोजून देणं आणि मोजून परत घेणं. तुम्ही मॅच बघताना बॉल बघता. मी कपडे बघायचो, कारण उद्या ते मलाच धुवायचे असत. तरी हा खेळत असला की माझंही लक्ष कपड्यांवरून उडायचं.

नंबर लिहिलेल्या माणसाचा तो पाय मोडत नसे. दुसऱ्या हाफमध्ये बॉल घेऊन मुद्दाम त्याच्याच अंगावर जायचा, बॉल त्याच्या दोन पायांमधून काढायचा, पुढे जाऊन थांबायचा, तो वळून येईपर्यंत वाट बघायचा आणि पुन्हा तेच करायचा. एकदा तर असं तीनदा केलं आणि त्या नादात समोर उघडं असलेलं गोल विसरला. कोच बाहेरून नाचत होता. हा त्याला शांतपणे म्हणाला, "पैलीं ह्याचां होवंदे, कोच. मगे गोल."

मैदानाबाहेरही तेच. त्याच्या गावात सायकलीवरून पाव विकायला येणाऱ्या पोदेरानं एकदा त्याच्या आईला करपलेले पाव दिले आणि वर "फुटबॉलवाल्याक चलता" असं म्हटलं. झालं. वर्षभर हा माणूस सकाळी चार किलोमीटर धावत शेजारच्या गावात जायचा आणि तिथून पाव आणायचा. पोदेरानं घंटा वाजवून वाजवून दारात माफी मागितली, तरी ह्याचं आपलं धावणं चालूच. मी म्हटलं, "अरे, त्रास कोणाला होतोय?" तर म्हणाला, "काका, दम वाडता."

आणखी एक खोड. ज्याच्यावर डूख धरली त्याचं नाव तो पुन्हा तोंडात घ्यायचा नाही. मैदानावर नंबर, मैदानाबाहेर "तो". पोदेर "तो", पंच "तो", त्याला एका गोलाचं श्रेय न देणारा पेपरवाला "तो". तिघांवर एकदम बोलायला लागला की कोण कुठला हे माझं मलाच जुळवावं लागायचं. नुसतं चिडकं पोर म्हणून सोडून द्यावं, असंही नव्हतं. मला एकदा ताप भरला तेव्हा चार दिवस त्यानं माझं काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं. सराव संपवून सगळ्या टीमच्या पांढऱ्या जर्सी स्वतः धुतल्या, आणि सरावाची लाल जाकिटं त्याच पाण्यात बुडवली. मी परत आलो तर दोरीवर अठरा गुलाबी जर्सी वाळत होत्या आणि हा त्या लाल जाकिटांकडे असा बघत उभा होता की त्यांनाही नंबर असता तर लिहून घेतला असता. मी त्या दिवशी पोट धरून हसलो. टीम पुढची मॅच गुलाबी खेळली आणि ह्यानं दोन गोल मारले.

असा सात वर्षं तो आमच्याकडे खेळला. पेडण्याहून पहाटेची बस धरून यायचा, सामानाच्या खोलीत माझ्याजवळ बसून बुटांत कागद कोंबायला मदत करायचा. फॉरवर्ड म्हणून गोव्यात त्याचं नाव झालं. कोलकात्याच्या मोठ्या क्लबात खेळायचं, एवढी एकच गोष्ट त्याला देवाकडे मागायची होती, आणि तीही तो फक्त मलाच सांगायचा.

मग एका सराव सामन्यात गुडघा दुखावला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने विश्रांती, पुढे व्यवस्थित खेळेल. पण क्लबाच्या सेक्रेटरीला तीन महिने थांबायचं नव्हतं. त्याला त्या जागी बाहेरून आपल्या ओळखीचा एक फॉरवर्ड आणायचा होता. कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात सतत वेलची, असा हा गृहस्थ. "गुडघा कायमचा निकामी" असं पत्र तयार करून त्यानं ह्याचा करार संपवला. इथवर करणारे पुष्कळ असतात. पण नंतर दुसऱ्या क्लबांनी चौकशीला फोन केले, तेव्हा तो त्यांनाही हेच सांगू लागला. मी ऑफिसात तुवाल्यांचा गठ्ठा ठेवायला गेलो असताना माझ्या कानांनी ऐकलं. "पोरगा चांगला हो, पण गुडघा गेला," आणि वर एक उसासा. तो उसासा मी अजून विसरलो नाही. ह्यानं दुसरीकडे जाऊन गोल मारले असते तर सेक्रेटरीचं पत्र खोटं पडलं असतं, म्हणून तो उसासा.

दीड वर्ष ह्याला कुणी घेतलं नाही. पेडण्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या कडेनं तो रोज सकाळी धावायचा. गुडघा कधीच बरा झाला होता, पण ते सांगायचं कुणाला? मी जाऊन भेटायचो. वाळला होता. "काका, माजो पाय बरो आसा," असं बोलता बोलता दहादा सांगायचा, जणू मीच ते पत्र लिहिलं होतं.

शेवटी त्यानं गावच्या देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे ही रीत आहे. अन्याय झाला, वस्तू हरवली, कुणी जमीन खाल्ली, की नारळ घेऊन देवळात जायचं. गावकर, म्हणजे देवळाचा मानकरी, देवीला सगळं मोठ्यानं ऐकवतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार देतात. लोकांचा रुकार नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही, असं मानतात. त्यानं मला बोलावलं आणि मी डिचोलीहून दोन बस बदलून गेलो. त्या सेक्रेटरीचं वाईट व्हावं असं मलाही मनापासून वाटत होतं. ते लपवायचं कशाला?

गावकर म्हातारा होता. नारळ हातात घेऊन त्यानं विचारलं, "मनशाचां नाव सांग रे. देवी धरतली कोणाक?"

मान खाली घालून हा म्हणाला, "त्याचां नाव देवीफुडें घेवचंय नाय. क्लबाचां घाला."

"क्लब म्हणजे खूब माणसां जाली, बाबा."

"घाला तुमी."

मी तिथेच उभा होतो. मला बोलता आलं असतं. अरे, माणसाचं नाव घे, त्या क्लबात आम्हीही आहोत, एवढं तरी म्हणता आलं असतं. पण देवळात जमलेल्या दहा-बारा लोकांपुढे आपण कुठे मध्ये तोंड घालायचं, असं वाटलं. गावकरानं डोळे मिटले. "ज्या क्लबान ह्या लेकराच्या पोटार पाय दिलो, त्या क्लबाचो पाय मोडान घाल गो आई!" आणि सगळ्यांबरोबर मीही खणखणीत आवाजात म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

ज्या क्लबाचा पगार खात होतो, त्याच क्लबाचा पाय मोडायला मी रुकार दिला. परत येताना बसमध्ये मला हे सुचलंसुद्धा नाही. उलट छाती हलकी झाली होती.

महिनाभरात एका लहान क्लबाचा फोन आला. त्यांचा फॉरवर्ड गेला होता आणि दुसरा कुणी मिळत नव्हता, म्हणून त्यांनी ह्याला घेतलं. ह्यानं गोल मारायला सुरुवात केली. तो सीझन आमच्या क्लबाचा मात्र फार वाईट गेला. सेक्रेटरीनं आणलेला फॉरवर्ड बॉलपेक्षा केसच जास्त सांभाळायचा. सीझनच्या शेवटच्या मॅचला गणित असं झालं, की आम्ही हरलो तर खालच्या लीगमध्ये जाणार. आणि मॅच ह्याच्या टीमशी होती.

त्या दिवशी मी आमच्या खोलीत जर्सी मांडत होतो आणि मधल्या भिंतीपलीकडे त्याचा आवाज येत होता. मॅचआधी तो भेटला, पाया पडला. "काका, आज नंबर बघूचंय नाय. आज सगळेच." मी हसलो. अंगावर काटाही आला.

शेवटची दहा मिनिटं होती. बॉल कॉर्नरवरून आला तो त्याच्या त्याच पायाकडे, ज्याचा गुडघा कागदावर निकामी होता. त्यानं दुसरा पाय वापरला असता तर सोपं होतं. नाही वापरला. त्याच पायानं असा ठोकला की आमच्या गोलीनं हातसुद्धा वर केला नाही. मग तो धावत मुख्य स्टँडसमोर गेला. त्याला सेक्रेटरीचं तोंड बघायचं होतं. त्यासाठीच तो दीड वर्ष सड्यावर धावला होता. पण खुर्ची रिकामी होती. सेक्रेटरी हाफटाइमलाच उठून गेला होता. हा त्या खुर्चीसमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि मग ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

त्या एका गोलानं आम्ही खालच्या लीगमध्ये गेलो, आणि तसल्या टीमवर क्लबाचा मालक कशाला खर्च करील? पंधरा दिवसांत त्यानं फुटबॉलच बंद केलं. खेळाडू इकडे तिकडे लागले. सेक्रेटरी तर महिन्याभरात याहून मोठ्या क्लबात, याहून मोठ्या खुर्चीत बसला. घरी बसलो ते आम्ही सहा जण. मी, मैदान राखणारा शाणू, मालिशवाला, स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि शिपाई. बावीस वर्षं मी त्या खोलीत काढली होती. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेतो? मेव्हण्याच्या टेलरिंगच्या दुकानात एका कोपऱ्यात मशीन मिळालं. मी गावोगावच्या टीमच्या जर्सीवर नंबर शिवू लागलो. शिवता शिवता एकेक टाक्याबरोबर मला त्याचा राग येऊ लागला. आधी सेक्रेटरीचा येत होता, पण सेक्रेटरी लांब होता. हा जवळचा होता.

एक दिवस तो दारात आला. मी त्याला बस म्हटलं नाही. आमच्या घरात दारी आलेल्या कुणाला चहा न देता कधी वाटेला लावलेलं नाही. त्या दिवशी बायको चुलीकडे वळली तेव्हा मी तिला डोळ्यांनीच थांबवलं.

"काका, माका म्हायत नाय होतां. तुमी सगळे घरा बसतले म्हणान माका सुचलांच नाय."

मी दोरा ओवत होतो. म्हणालो, "उगडास आसा हां."

त्याचेच शब्द त्याला परत करताना मला जे सुख झालं, ते इथे लिहायला लाज वाटते, पण झालं हे खरं आहे. त्याचा चेहरा पडला. मागे सरकून तो अंगणात उतरला. मग म्हणाला, "देवीक सांगलंय मी. तुमी सहाय जणां 'मार' म्हणाशात, तवसर गोल मारूचंय नाय."

आम्ही सहाही जण 'मार' म्हणेपर्यंत गोल मारायचा नाही म्हणे; मला वाटलं, बोलायला काय जातंय. पण तो तोच होता, करपलेल्या पावासाठी वर्षभर धावलेला. बाकीच्या पाचही घरी तो गेला. शाणूनं पाठीवर थाप मारून लगेच "मार मरे" म्हटलं; मरे म्हणजे नुसतं रे. मालिशवाला रडला आणि म्हणाला. स्वयंपाक्यानं जेवायला घालून म्हटलं. ड्रायव्हर आणि शिपाई, त्यांनीही. उरलो मी.

त्या दिवसापासून मीही त्याचं नाव घेणं सोडलं. इथेही लिहिलेलं नाही, ते त्याच सवयीनं.

आणि नेमकं तेव्हाच कोलकात्याचं बोलावणं आलं. त्या शेवटच्या गोलाचा व्हिडिओ कुणीतरी तिकडे पाठवला होता. त्यांनी विमानाचं तिकीट देऊ केलं. ह्यानं थोडी मुदत मागितली. शाणू धावत माझ्याकडे आला.

"तुजें एक उतर पुरो. सांगून टाक मरे. गोल मारीना असो फॉरवर्ड कोण घेतलो?"

"मी कुठे त्याला अडवलंय?" मी म्हणालो. "त्यानं जावं. देवीला त्यानं सांगितलं, मी नाही."

"तू त्या सेक्रेटरीपरस वायट," शाणू म्हणाला आणि उठून गेला. मी मशीन चालू केलं. सेक्रेटरीनं त्याला दीड वर्ष अडवलं होतं ते फोनवर उसासा टाकून, आणि मी अडवत होतो ते काहीच न बोलता. हा फरक मी त्या वेळी स्वतःला फार मोठा करून सांगितला. महिनाभर वाट बघून कोलकात्यानं दुसरा फॉरवर्ड घेतला. मला कळलं तेव्हा मी दोन वाट्या भात जास्त जेवलो.

त्या वर्षी भातकापणी झाल्यावर त्याच्या गावच्या शेतात सात-सात जणांची स्पर्धा होती. त्यांच्या जर्सीवरचे नंबर मीच शिवले होते. जर्सी पोचवायला गेलो आणि फायनल बघायला थांबलो. खरं सांगायचं तर त्याला बघायलाच थांबलो. तो गोलात उभा होता. गोव्यातला एके काळचा फॉरवर्ड, हातात गोलीचे हातमोजे घालून, कापलेल्या भाताच्या खुंटांवर उड्या घेत होता. गुडघे रक्ताळले होते. लोक चेष्टा करत होते आणि मला ती चेष्टा गोड लागत होती.

मॅच बरोबरीत सुटली. पेनल्टी सुरू झाल्या. दोन्हीकडच्या सहा-सहा जणांनी मारून झालं, तरी बरोबरीच. उरले दोन गोली. समोरच्या गोलीनं मारलेला बॉल ह्यानं अडवला. आता ह्याची एक किक, आणि गावाला कप. सगळं शेत ओरडत होतं.

त्यानं बॉल ठेवला. मागे गेला. आणि दोरीच्या कडेनं उभ्या असलेल्या माणसांत कुणाला तरी शोधू लागला. मला कळलं, मला शोधतोय. त्यानं मला पाहिलं. नुसत्या भुवया थोड्या वर केल्या. मारू?

मान हलवायची होती. एवढंच. आवाजसुद्धा काढायचा नव्हता. मी खाली वाकलो आणि रिकाम्या पिशवीची घडी घालू लागलो. चांगली चौकोनी घडी घातली. शिट्टी दुसऱ्यांदा वाजली. वर पाहिलं तेव्हा बॉल पोस्टाच्या बाहेरून हळूहळू घरंगळत चालला होता, आणि त्याचे गावकरी त्याला काय काय बोलत होते. पुढच्या फेरीत समोरच्यांची किक गोलात गेली, गावाची हुकली, आणि ते कप घेऊन गेले. तो हातमोजे काढत एकटाच बांधावरून घराकडे गेला. मी बसस्टॉपवर आलो. जिंकल्यासारखं वाटेल अशी वाट बघत होतो. बस आली, म्हापसा आलं, डिचोली आली, तसं काही वाटलं नाही.

दोन महिन्यांनी तो आखातात गेल्याचं शाणूकडून कळलं. कुठल्यातरी गोदामात माल चढवायचं काम. त्यानं फुटबॉल सोडलं, असं शाणू म्हणाला.

दोन वर्षं गेली. गेल्या रविवारी दुपारी मी पानावर बसलो होतो. बायकोनं वाढलं आणि मला काय झालं कोण जाणे, मी तसाच उठलो, शाणूकडून कधीतरी घेऊन ठेवलेला नंबर काढला आणि फोन लावला. त्यानं उचलला. मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं. मी काका बोलतोय म्हणून ओळख दिली आणि एका दमात म्हणालो, "मार रे. मी सांगतो, मार आता."

त्या घरघरीतच तो हसला, वाईट नाही, चांगलंच हसला.

"कोणाक मारू, काका? हंय बॉल खंय आसा?"

मग तोच म्हणाला, "जेवलात काय, काका?"

"जेवलो," मी म्हणालो. ताट तसंच भरलेलं होतं.